नांवाची ठेव

नोव्हेंबर २०२४ मध्यें जग्वार या विख्यात इंग्रज मोटार कंपनीनें आपलें नवें रूप जगापुढें मांडलें. त्यासाठीं तिनें अर्ध्या मिनिटाचा एक जाहिरातपट प्रसिद्ध केला. त्यांत भडक रंगांचीं वस्त्रें ल्यालेले स्त्रीपुरुष होते, गुलाबी रंगाचें एक निर्जन मैदान होतें, हातोडा होता, कुंचलाही होता. नव्हती ती फक्त मोटार. नव्या नाममुद्रेंत रोमन लिपीचीं थोरलीं व धाकटीं अक्षरें एकाच शब्दांत मिसळलेलीं होतीं. गुरगुरणाऱ्या श्वापदाचें जें मुख कित्येक वर्षें या गाड्यांवर झळकत आलें होतें त्याला निरोप मिळाला. झेप घेणारी आकृति राहिली, पण ती आडव्या रेघांच्या एका पट्टींत जखडलेली. शिवाय प्रेक्षकांस उपदेश होताच: जें सामान्य आहे तें पुसून टाका, आणि कोणाचीही नक्कल करूं नका! एका प्रतिस्पर्धी कारखानदारानें लागलीच जाहीर प्रश्न केला कीं, आपण मोटारी विकतां काय? आणि सारें जग हंसलें.

परंतु हंसणें म्हणजे टीका नव्हे. ज्या गोष्टीला लोक नुसतें हंसून सोडतात तिचा विचार करण्याचें काम तसेंच राहून जातें, आणि हंसण्याचा आवाज विरला कीं तीच गोष्ट रीत म्हणून रूढ होते. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मोटारींचा प्रपंच कशाला, असें कोणी विचारील तर त्याला उत्तर असें कीं, नांव आणि चिन्ह हीं भाषेचींच अपत्यें आहेत. शब्दाला अर्थ कशानें येतो, तो शब्द कोणाच्या मालकीचा असतो, आणि आंतला अर्थ काढून टाकून नुसता शब्द वापरतां येतो काय, हे प्रश्न आमच्या घरचेच आहेत. शिवाय जग्वारची मालकी २००८ सालापासून आपल्या मुंबईच्या टाटांकडे आहे. तेव्हां हा परक्यांच्या अंगणांतला तमाशा आहे असें म्हणून हात झटकण्याचीही सोय आपल्याला उरलेली नाहीं.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘जुनें तें सोनें’ असें म्हणणाऱ्यांचा एक मोठा पक्ष या वादांत उतरलेला आहे. मुद्रेंतलें एक अक्षर हाललें कीं या मंडळींना धर्म बुडाल्याचें दुःख होतें. आम्ही त्या पक्षाचे नाहीं, आणि इतिहासही त्या पक्षाचा नाहीं. १९२२ सालीं विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या दोघां तरुणांनीं ब्लॅकपूल गांवीं मोटारसायकलीस जोडावयाच्या बाजूगाड्या करण्याचा धंदा काढला, तेव्हां त्याचें नांव ‘स्वॅलो’ म्हणजे पाकोळी असें होतें. पुढें कारखाना कॉव्हेंट्री शहरीं गेला, बाजूगाड्यांच्या जागीं मोटारी आल्या, आणि नांव एस. एस. असें झालें. ‘जग्वार’ हें नांव १९३५ सालीं त्यांच्या एका गाडीला प्रथम मिळालें. आणि १९४५ सालीं सबंध कंपनीनेंच तें धारण केलें, कारण मध्यंतरीं हिटलरच्या पथकांनीं एस. एस. या दोन अक्षरांना कायमचा बट्टा लावून ठेवला होता. म्हणजे आज ज्या नांवासाठीं लोक गळा काढीत आहेत तें नांव हेंच मुळीं एक नामांतर आहे.

इतरत्रही हाच प्रकार. जर्मनींत ऑगस्ट हॉर्ख यानें १९०९ सालीं स्वतःच्या नांवाचा कारखाना सोडला, आणि नव्या कारखान्याला स्वतःचेंच आडनांव लावण्यास त्याला कायद्यानें मज्जाव झाला. त्याच्या आडनांवाचा जर्मन भाषेंत अर्थ ‘ऐक’ असा होतो. त्याचेंच लॅटिन रूप घेतलें आणि ‘ऑडी’ जन्मास आली. बी. एम. डब्ल्यू.च्या निळ्या-पांढऱ्या वर्तुळांत विमानाचा फिरता पंखा दिसतो असें छातीठोकपणें सांगणारे रसिक जागोजागीं भेटतात. वस्तुतः ते रंग बव्हेरिया प्रांताचे आहेत. पंख्याची कथा १९२९ च्या एका जाहिरातीनें मागाहून चिकटवलेली आहे. परंपरा म्हणून ज्याची आरती ओंवाळली जाते त्यांतही कालच्या जाहिरातदाराचा हात असूं शकतो, हें विसरून चालणार नाहीं.

आपल्याकडचेंच उदाहरण घ्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत होणारी फियाट प्रथम ‘प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘पद्मिनी’ झाली. चितोडच्या राणीचें नांव मिळाल्यावरही पुष्कळ मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले, आणि टॅक्सीवाल्यांनीं तिच्याकडे पाठ फिरविली नाहीं. कारण उघड आहे. पत्र्यावरचें नांव बदललें, पण पत्रा तोच होता, यंत्र तेंच होतें, आणि कोणत्याही गल्लींतला मिस्त्री तें उघडून नीट करूं शकत होता. ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली तेव्हां लोकांना हळहळ वाटली ती त्या वस्तूबद्दल. तिच्या तीन नांवांपैकीं एकाबद्दलही नव्हे.

मग वारसा म्हणावयाचें तरी कशाला? जग्वारच्याच चरित्रांत त्याचें उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धांत कॉव्हेंट्रीवर बाँब पडत होते, आणि कारखान्यांत रात्रीं आगीवर पहारा करण्याच्या पाळ्या असत. त्या जागरणांत लायन्स आणि त्याचे यंत्रज्ञ युद्धानंतर कोणतें एंजिन करावयाचें याची आंखणी करीत बसत. तें एंजिन १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत एक्स. के. १२० या गाडीबरोबर जगापुढें आलें आणि फेरफार होत होत १९९२ पर्यंत बनत राहिलें. १९५१ ते १९५७ या सात वर्षांत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार गाड्यांनीं पांच वेळां जिंकली. त्यांपैकीं १९५३ च्या विजयांत डनलॉप कंपनीबरोबर सिद्ध केलेल्या डिस्क ब्रेकांचा मोठा वांटा होता. आज तुमच्याआमच्या गाडीला पुढच्या चाकांस जे ब्रेक असतात ते याच जातीचे. १९६१ सालीं जिनीव्हा येथें ई-टाइप ही गाडी दिसली. तिच्या तोडीच्या इटालियन गाड्यांशीं ताडून पाहिलें तर ती जवळजवळ निम्म्या किमतींत मिळत असे. देखणेपणांत व वेगांत कोणाला हार जावयाचें नाहीं, आणि किंमत मात्र ऐकणाऱ्याला खोटी वाटावी इतकी कमी ठेवावयाची, हा लायन्सचा कुळधर्म होता. जग्वार या तीन अक्षरी ध्वनीला जो अर्थ आला तो या कामानें आला. चिन्ह ही त्या कामाची पावती. पैसे जमा झाल्यावर पावती मिळते. पावती छापली म्हणून पैसे जमा होत नाहींत.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. १९६८ सालीं ही कंपनी ब्रिटिश लेलँड या अवाढव्य संस्थेच्या पोटांत गेली, आणि १९७२ सालीं लायन्स निवृत्त झाला. पुढच्या काळांत गाड्यांना गंज धरूं लागला, विजेच्या तारा दगा देऊं लागल्या, आणि रस्त्यांत बंद पडलेली जग्वार हा थट्टेचा विषय झाला. मुद्रेंतल्या श्वापदाचा मात्र एक केसही वांकडा झाला नव्हता! १९८९ सालीं कंपनी फोर्डकडे गेली. २००१ मध्यें निघालेली एक्स-टाइप ही गाडी फोर्डच्याच माँडेओ गाडीच्या सांगाड्यावर उभारलेली होती. नाकावर मुद्रा अस्सल, हाडें उसनीं. आज अक्षरांच्या वळणासाठीं अश्रु ढाळणाऱ्या किती जणांनीं तेव्हां दुखवटा पाळला होता, हें त्यांनींच सांगावें. चिन्ह तेंच राहून वारसा बुडूं शकतो, आणि चिन्ह पालटूनही वारसा चालूं शकतो, एवढें यावरून सिद्ध होतें.

आतां आमचा आरोप काय तो सांगतों. चिन्ह बदललें हा अपराध नव्हे. चिन्ह अगोदर बदललें हा अपराध आहे. १९४५ सालीं नांव बदललें तेव्हां कारखाना तोच होता, कारागीर तेच होते, आणि त्यांच्या टेबलावर नव्या एंजिनाचे नकाशे होते. २०२४ सालीं आधीं मुद्रा आली, मग उपदेश आला, मग डिसेंबरांत मायामी येथें प्रदर्शनापुरती एक नमुन्याची गाडी आली, आणि विकावयाच्या गाडीचा वायदा २०२६ चा देण्यांत आला. दरम्यान खुद्द इंग्लंडांत नव्या जग्वार गाड्यांची विक्री थांबविण्यांत आली होती. आधीं कळस मग पाया ही म्हण आपल्या पूर्वजांनीं थट्टेनें केली. तिचा कोणी व्यापारी धोरण म्हणून अवलंब करील असें त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नींही आलें नसेल.

या कृत्याच्या समर्थनार्थ तीन सबबी सांगण्यांत येतात. पहिली अशी कीं, धंदा बुडत होता. कांहीं तरी करणें भागच होतें. धंदा उतरणीला लागला होता हें खरें. २०१८ सालीं सुमारें १ लाख ८० हजार जग्वार गाड्या खपल्या होत्या, आणि पांच वर्षांत हा आंकडा जवळजवळ एक तृतीयांशावर आला. येथें विरोधकांचीही एक लबाडी सांगून टाकली पाहिजे. एप्रिल २०२५ मध्यें युरोपांत अवघ्या ४९ जग्वार गाड्यांची नोंद झाली, हा आंकडा जाहिरातीच्या पापाचें फळ म्हणून सर्वत्र नाचविण्यांत आला. वस्तुतः दुकानांत गाड्याच ठेवल्या नव्हत्या, मग त्या खपणार कशा? खोट्या पुराव्यानें खरी बाजूही दुबळी होते. परंतु सबबीचें उत्तर राहतेंच. लोकांचा ओढा बसक्या मोटारींकडून उंच गाड्यांकडे वळला, आणि जर्मन प्रतिस्पर्ध्यांशीं संख्येच्या लढाईंत ही कंपनी पुरी पडली नाहीं. यांतला कोणता रोग अक्षरांच्या आकारांत होता? पोटदुखीच्या रोग्याचें नांव बदलणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतों?

दुसरी सबब विजेची. मोटार आतां तेलावरून विजेवर जाणार. नव्या युगाला नवा चेहरा हवा, जुन्या आठवणी तेथें अडगळ होत, असें सांगतात. याला उत्तर खुद्द जग्वारनेंच देऊन ठेवलेलें आहे. २०१८ सालीं तिनें आय-पेस ही विजेवर चालणारी गाडी काढली, आणि २०१९ सालीं तिला जगांतील उत्कृष्ट मोटारीचा बहुमान मिळाला. तेव्हां मुद्रा जुनीच होती. ती विजेच्या आड आली नाहीं. उणें पडलें तें त्या गाडीच्या मागोमाग दुसरी-तिसरी गाडी आणण्याच्या नेटाचें. फ्रान्समधील रेनो कंपनीनें १९७२ च्या आपल्या ‘पांच’ या लहान गाडीचें नांव व ठेवण घेऊन विजेवरची नवी गाडी बाजारांत आणली, आणि २०२५ सालीं युरोपांतील उत्कृष्ट मोटारीचा मान तिला मिळाला. विजेचें युग आईबापांचें नांव टाकून येण्याची अट कोणालाही घालीत नाहीं.

तिसरी सबब सर्वांत लोकप्रिय आहे. आतां मुद्रा हातांतल्या फोनच्या पडद्यावर पाहिली जाते, तेव्हां ती सपाट व सोपी हवी. या मंत्रानें फोक्सवागननें २०१९ मध्यें, बी. एम. डब्ल्यू. व निसाननें २०२० मध्यें, आणि जनरल मोटर्सनें २०२१ मध्यें आपापल्या मुद्रा एकाच वरवंट्याखालीं घालून चपट्या करून घेतल्या. किआनें २०२१ सालीं अक्षरें अशीं जोडलीं कीं पुष्कळ लोक त्यांत ‘के. एन.’ वाचूं लागले, आणि त्या नांवाची मोटार कोणती असा शोध करूं लागले. ऑडीनें तर २०२४ सालीं चीनमधील नव्या गाड्यांसाठीं चार वलयें सोडून नुसतीं चार रोमन अक्षरें घेतलीं. तीं चार वलयें म्हणजे १९३२ सालीं एकत्र आलेल्या चार कारखान्यांची खूण होती. त्यांत एक इतिहास सांठवलेला होता. पडदा लहान आहे म्हणून मुद्रा लहान करा, याला आमची हरकत नाहीं. पण मोटार पडद्यावर चालत नाहीं; ती रस्त्यावर चालते. आणि सगळेच जण एका वळणाचीं सपाट अक्षरें गिरवूं लागले असतां ‘कोणाची नक्कल करूं नका’ असा घोष करणें म्हणजे नकलेवर निर्लज्जपणाचें व्याज चढविणें आहे.

या घोषांतच सगळ्या प्रकरणाचें मर्म आहे. जग्वार ही कशाचीही नक्कल असूं नये, हा विचार लायन्सचा म्हणून कंपनीच सांगते. म्हणजे भूतकाळ पुसावयाचा, पण पुसण्याचा परवाना भूतकाळाच्याच सहीनें घ्यावयाचा! संस्थापकाचें वाक्य हवें, त्याचा कुळधर्म नको. त्याची ख्याति थोड्या दामांत मोठें काम देण्याची. नव्या गाडीची किंमत १ लाख पौंडांच्या वर जाईल आणि आजच्या गिऱ्हाइकांपैकीं बहुतेक सुटतील, असें चालकांनींच अगोदर सांगून टाकलें. ज्यांना जुनें खरोखरच टाकाऊ वाटतें त्यांनीं नवें नांव घेऊन, नव्या भांडवलावर, शून्यापासून धंदा उभारावा. त्यांच्या धाडसाला आम्ही मोकळ्या मनानें दाद देऊं. पण तें ते करणार नाहींत. कारण नव्या नांवाला १ लाख पौंड कोण देणार? श्राद्ध करावयाचें नाहीं, आणि वांटणींतला हिस्सा मात्र सोडावयाचा नाहीं, अशी ही वृत्ति आहे.

कायदा म्हणेल कीं, नांव ही कंपनीची मालमत्ता. मालकानें काय वाटेल तें करावें. कायद्याचा हा अर्थ कोठवर नेतां येतो तें आपण आपल्याच देशांत पाहिलें आहे. २०१४ सालीं उत्तरपाड्याच्या कारखान्यांत ॲम्बॅसिडर गाडी बनणें बंद झालें, आणि २०१७ सालीं हिंदुस्थान मोटर्सनें तिचें नुसतें नांव प्यूजो या फ्रेंच कंपनीला ८० कोटी रुपयांस विकलें. यंत्रें नव्हेत, सांचे नव्हेत, कामगार नव्हेत; नांव. आतां विचार करा, ते ८० कोटी त्या शब्दांत कोठून आले? जाहिरातीच्या कचेरींतून खास आले नाहींत. पन्नासांवर वर्षें ती गाडी हांकणारे चालक, ती खोलून पुन्हा जोडणारे मिस्त्री, आणि तिच्यावर भरंवसा टाकून सबंध कुटुंब तिच्यांत घालणारे गृहस्थ, यांनीं थेंब थेंब करून ती रक्कम त्या शब्दांत सांठविली होती. कायद्यानें ती मालमत्ता असेल. नीतीनें ती ठेव आहे. सांवकाराच्या तिजोरींत पैसा असतो म्हणून तो त्याचा होत नाहीं.

टाटांच्या घराण्याला ही गोष्ट शिकवावी लागूं नये. १९४५ सालीं निघालेली त्यांची ‘टेल्को’ २००३ सालीं ‘टाटा मोटर्स’ झाली. कागदोपत्रीं नांव गेलें. पण चिंचवड-भोसरीकडे आजही टेल्को रोडच आहे, आणि ‘वडील टेल्कोंत होते’ हें वाक्य पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत अजून ऐकूं येतें. त्या दोन अक्षरांत नोकरीची शाश्वति, शिकाऊ कामगारांची शिस्त, आणि ट्रकांच्या मजबुतीची साक्ष सांठलेली आहे. तें नामांतर कोणाला बोंचलें नाहीं, कारण काम थांबलें नव्हतें आणि आईबापांच्या नांवावर कोणी रेघ ओढली नव्हती. २००८ सालीं त्याच कंपनीनें २३० कोटी डॉलर देऊन जग्वार व लँड रोव्हर घेतल्या तेव्हां आपल्याकडे अनेकांचा ऊर भरून आला. एके काळच्या राज्यकर्त्यांचा मानाचा कारखाना आपल्या हातीं आला असें वाटलें. पण हातीं आलेली वस्तु परक्यांची ठेव होती. कॉव्हेंट्रीच्या कामगारांच्या तीन पिढ्यांनीं ती सांठविली होती. ब्राउन्स लेन या त्यांच्या जुन्या कारखान्यांत मोटारी बनणें फोर्डच्या अमदानींत आधींच बंद झालें. उरलें होतें तें नांव आणि त्याचा अर्थ. विश्वस्तानें ठेव वाढवावी, गुंतवावी, नव्या काळाच्या नाण्यांत बदलूनही घ्यावी. ती पुसून टाका असें मात्र म्हणूं नये.

मग करावें काय? क्रम सुधारावा, एवढेंच. आधीं गाडी रस्त्यावर आणावी. ती देखणी असावी, वेगवान असावी, आणि टिकावी. तिनें चार हिंवाळे-उन्हाळे काढावे, गिऱ्हाइकानें शेजाऱ्याला तिची शिफारस करावी, आणि मग त्या कामाला शोभेल अशी मुद्रा खुशाल घडवावी. चिन्ह कामांतून कसें उगवतें तें सित्रोएनच्या दोन बाणांकडे पाहून समजतें. आंद्रे सित्रोएन हा मोटारींपूर्वीं दुहेरी तिरकस दात्यांचीं चक्रें करीत असे. त्या दात्यांचीच आकृति त्याच्या गाड्यांवर आली, आणि २०२२ सालीं नवी मुद्रा ठरवितांना कंपनी पुन्हा १९१९ च्या त्याच रूपाकडे वळली. नक्कल न करण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांला तरी ठाऊक नाहीं: जें आपण खरोखर केलें आहे त्याचीच खूण कपाळीं लावावी.

नवी जग्वार उत्तम निघाली तर आम्हांला आनंदच होईल, आणि तिच्यावरचीं अक्षरें थोरलीं आहेत कीं धाकटीं याची चौकशीही कोणी करणार नाहीं. ती उत्तम निघाली नाहीं, तर जगांतला कोणताही कुंचला तिला तारणार नाहीं. दोन्ही बाजूंनीं पाहिलें तरी निवाडा गाडीच करणार आहे. तो होण्यापूर्वींच ज्यांनीं शंभर वर्षांच्या कामाला सामान्य म्हणून पुसावयास काढलें, त्यांनीं आपल्या हातीं असलेल्या वस्तूची किंमत ओळखली नव्हती, एवढें आजच म्हणतां येतें.